डायलिसिसचं मशीन होतं, तरी पेशंट वाचत नव्हते, मग डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रक्तापर्यंतचा रस्ता शोधला

कुठल्याही डायलिसिस युनिटमध्ये गेलात तर एक गोष्ट हमखास दिसते. पेशंट येतो, वजन करतो, बेडवर बसतो आणि बाही वर करतो. सिस्टर सगळ्यात आधी त्याच्या हातावर बोटं ठेवते. मनगटापासून कोपरापर्यंत एक नस दोरखंडासारखी फुगलेली असते. तिला हात लावला की आत काहीतरी थरथरतंय असं जाणवतं. ती थरथर नीट लागली की सिस्टर सुया टोचायला घेते. नाही लागली, तर मशीन तसंच उभं राहतं आणि डॉक्टरांना फोन जातो.

या फुगलेल्या नसेला म्हणतात फिस्टुला. डायलिसिसवर असलेल्या माणसाचं आयुष्य मशीनइतकंच या नसेवर अवलंबून असतं. कारण मशीन बिघडलं तर शेजारचं मशीन मिळतं, पण हाताची नस बंद पडली तर रक्त बाहेर काढायचं कुठून?

आज आपण ज्याला व्हॅस्क्युलर ॲक्सेस म्हणतो, म्हणजे रक्तापर्यंत पुन्हा पुन्हा जाण्याची कायमची वाट, तिच्या इतिहासात एक नाव सगळ्यात वर आहे. डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर. किडनी कायमची गेलेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो हे जगाला दाखवून देणारा डॉक्टर. आणि गंमत म्हणजे हे काम त्यांनी एकट्यानं केलं नाही, करणं शक्यही नव्हतं.

मशीन होतं, मग अडलं कुठे?

गोष्ट समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल.

कृत्रिम किडनीचं मशीन दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच तयार झालं होतं. नेदरलँड्समधल्या कांपेन गावात विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी ते बनवलं. देश जर्मनांच्या ताब्यात, सामानाची टंचाई. अशा वेळी त्यांनी सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी एका लाकडी ड्रमभोवती गुंडाळली आणि त्या नळीतून पेशंटचं रक्त फिरवलं. नळीबाहेर मिठाचं पाणी. रक्तातली घाण सेलोफेनमधून झिरपून पाण्यात उतरायची. सुरुवातीचे जवळपास सगळे पेशंट दगावले. १९४५ मध्ये मात्र ६७ वर्षांची एक बाई या मशीनमुळे वाचली.

पण या मशीनची एक मोठी मर्यादा होती.

डायलिसिससाठी दर मिनिटाला भरपूर रक्त बाहेर काढावं लागतं. आजच्या हिशेबानं मिनिटाला २०० ते ३०० मिलीलीटर किंवा त्याहूनही जास्त. हाताच्या वरवरच्या शिरेत सुई टोचून एवढं रक्त येत नाही. त्यासाठी धमनीपर्यंत जावं लागतं. त्या काळात डॉक्टर प्रत्येक वेळी त्वचा कापून धमनी आणि शीर उघडी करायचे, त्यात नळ्या घालायचे आणि डायलिसिस झालं की नळ्या काढून त्या रक्तवाहिन्या बांधून टाकायचे. म्हणजे एकदा वापरलेली जागा कायमची बाद. दोन हात, दोन पाय, प्रत्येकात मोजक्या जागा. काही वेळा डायलिसिस झालं की रस्ताच संपायचा.

ज्यांची किडनी अपघातानं, विषबाधेनं किंवा बाळंतपणातल्या गुंतागुंतीनं काही दिवसांपुरती बंद पडली, त्यांना एवढं पुरायचं. दोन-तीन डायलिसिसमध्ये किडनी पुन्हा चालू झाली तर पेशंट घरी. पण ज्यांची किडनी कायमची गेली, त्यांच्यासाठी मशीन असून नसल्यासारखंच होतं. अशा पेशंटला मशीनवर घेऊच नये, हेच तेव्हाचं शहाणपण समजलं जायचं.

स्वीडनच्या निल्स अल्वाल या डॉक्टरांनी धमनी आणि शीर काचेच्या नळीनं जोडून रस्ता उघडा ठेवायचा प्रयत्न केला होता. पण नळीत रक्त गोठायचं, जंतुसंसर्ग व्हायचा. तो प्रयत्न तिथेच थांबला.

सिएटलचे 'स्क्रिब'

बेल्डिंग स्क्रिबनर यांचा जन्म १८ जानेवारी १९२१ चा, शिकागोचा. १९४५ मध्ये स्टॅनफर्डमधून ते डॉक्टर झाले, मग मेयो क्लिनिकमध्ये पुढचं शिक्षण घेतलं आणि १९५१ मध्ये सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये रुजू झाले. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं पाण्यानं वेढलेलं हे शहर त्यांनी मग सोडलंच नाही. ते हाऊसबोटीवर राहायचे आणि तिथून होडी वल्हवत विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये यायचे. सहकारी त्यांना नुसतं 'स्क्रिब' म्हणायचे.

शरीरातलं पाणी आणि क्षार यांचा तोल हा त्यांचा खास विषय. या विषयावरचं त्यांचं शिकवणं विद्यार्थ्यांमध्ये प्रसिद्ध होतं. १९५८ पासून ते विद्यापीठाच्या किडनी विभागाचे प्रमुख होते आणि पुढे १९८२ पर्यंत त्या जागेवर राहिले. त्यांच्याकडे डायलिसिसचं मशीन होतं आणि ते ठरलेल्या पद्धतीनं, थोड्या दिवसांसाठी किडनी बंद पडलेल्या पेशंटवर ते वापरत होते.

मग एक पेशंट असा आला, ज्यानं स्क्रिबनर यांची झोप उडवली.

या माणसाची किडनी तात्पुरती बंद पडली आहे असं समजून त्याला मशीनवर घेतलं. अर्धमेला आलेला पेशंट काही दिवसांत उठून बसला, बोलायला लागला. घरच्यांना वाटलं, वाचला. पण पुढच्या तपासण्यांत कळलं की किडनी कायमची गेली आहे. आता हातापायांतल्या जागा संपेपर्यंत डायलिसिस करायचं आणि मग थांबायचं, की आत्ताच थांबायचं, एवढाच प्रश्न उरला होता. स्क्रिबनर यांना त्याच्या बायकोला समोर बसवून सांगावं लागलं की नवऱ्याला घरी घेऊन जा, आमच्या हातात आता काही नाही. पेशंट घरी गेला आणि थोड्याच दिवसांत वारला.

मशीन शेजारच्या खोलीत चालू स्थितीत होतं आणि माणूस मेला होता. मेला तो रस्ता नसल्यामुळे. ही गोष्ट स्क्रिबनर यांच्या डोक्यातून जाईना.

मध्यरात्री सुचलेली गोष्ट

काही दिवसांनी ते मध्यरात्री जागे झाले तेव्हा त्यांना उत्तर सापडलं होतं. नळ्या काढायच्याच कशाला?

कल्पना ऐकायला अगदी साधी होती. एक नळी मनगटाजवळच्या धमनीत, दुसरी शिरेत. दोन्हींची तोंडं त्वचेच्या बाहेर. डायलिसिसच्या वेळी ही तोंडं मशीनला जोडायची. डायलिसिस संपलं की दोन्ही तोंडं इंग्रजी 'यू'च्या आकाराच्या छोट्या नळीनं एकमेकांना जोडून टाकायची. मग धमनीतलं रक्त त्या नळीतून सरळ शिरेत जात राहणार. रक्त वाहतं राहिलं तर गोठण्याची भीती कमी. पुढच्या वेळी कापाकापी नाही, नुसती जोडणी सोडायची आणि मशीन लावायचं.

पण कागदावर काढलेलं चित्र हातात बसवायचं कसं? नळी कशाची करायची? रबर आणि काच, दोन्हींत रक्त गोठत होतं. स्क्रिबनर ना सर्जन होते, ना इंजिनियर. इथून पुढे त्यांनी जे केलं ते त्यांच्या कल्पनेइतकंच महत्त्वाचं आहे. ते माणसं गोळा करायला लागले.

नॉनस्टिक तव्यावरचं मटेरियल आणि हॉस्पिटलचा इंजिनियर

लोरेन विंटरशाईड नावाच्या सर्जन सहकाऱ्यानं त्यांना टेफ्लॉनबद्दल सांगितलं. हेच ते मटेरियल, जे आपल्या घरातल्या नॉनस्टिक तव्यावर असतं. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत ते अपघातानंच सापडलं होतं. त्याला काहीच चिकटत नाही. तव्याला डोसा चिकटत नाही, तसं या नळीला रक्तही सहजासहजी चिकटत नाही, आणि शरीरही ते मटेरियल सहन करतं.

दुसरा माणूस होता वेन क्विंटन. हॉस्पिटलसाठी उपकरणं बनवणाऱ्या वर्कशॉपचा इंजिनियर. तुमची कधी स्ट्रेस टेस्ट झाली असेल, म्हणजे छातीला वायरी लावून पट्ट्यावर चालायला लावलं असेल, तर त्या मेडिकल ट्रेडमिलमागेही हाच माणूस आहे. टेफ्लॉनची नळी सरळ असते आणि कडक असते. हाताच्या आत बसायची तर तिला नेमका बाक हवा. क्विंटन यांनी नळी गरम करून वाकवायची पद्धत बसवली.

तिसरे डेव्हिड डिलर्ड. ते लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशन्स करणारे सर्जन. बारीक रक्तवाहिन्यांवर काम करायची त्यांना सवय होती. नळ्या धमनीत आणि शिरेत बसवायचं नाजूक काम त्यांनी केलं.

या शोधावरचा पहिला शोधनिबंध १९६० मध्ये छापून आला तेव्हा त्यावर तीन नावं होती. क्विंटन, डिलर्ड आणि स्क्रिबनर, याच क्रमानं. इंजिनियर पहिला, सर्जन दुसरा आणि विभागप्रमुख शेवटी. पुढे जगानं या नळीला 'स्क्रिबनर शंट' हे नाव दिलं. पण कागदावर ती तिघांची होती.

९ मार्च १९६०

पहिला पेशंट होता क्लाईड शील्ड्स. वय ३९, धंद्यानं मशिनिस्ट. किडनी कायमची गेलेली आणि मृत्यू अगदी जवळ आलेला. ९ मार्च १९६० ला सिएटलमध्ये त्यांच्या हातात शंट बसवला.

डायलिसिस सुरू झालं. शील्ड्स यांना बरं वाटू लागलं. काही दिवसांनी पुन्हा विष साठलं, पुन्हा डायलिसिस. त्याच नळ्यांतून. पुन्हा बरं वाटलं. इतिहासात पहिल्यांदाच किडनी नसलेल्या माणसाकडे पुढच्या आठवड्याचा विचार करायला वेळ होता.

पुढच्याच महिन्यात कृत्रिम अवयवांवर काम करणाऱ्या डॉक्टरांची परिषद होती. स्क्रिबनर शील्ड्स यांनाच सोबत घेऊन गेले. आकडे आणि तक्ते दाखवण्यापेक्षा जिवंत माणूस समोर उभा करणं केव्हाही जास्त पटणारं.

पण म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. शंट गोठायचा. त्वचेतून बाहेर आलेल्या नळीभोवती पू व्हायचा. नळी ओढली गेली तर धमनीतून भळाभळा रक्त जाण्याचा धोका. त्यामुळे पेशंट चिमटे जवळ बाळगायचे. शंट काही आठवडे किंवा महिने चालायचा, मग दुसरीकडे नवा बसवायचा. १९६२ मध्ये टेफ्लॉनच्या टोकांना लवचिक सिलिकॉन रबराची नळी जोडली गेली, तेव्हा तो जास्त टिकायला लागला.

आणि याच काळात डायलिसिसमधला कामाचा एक नवा साचा तयार झाला. एरवी ऑपरेशन झालं की सर्जनचं काम संपतं. इथे खरं काम ऑपरेशननंतर सुरू होत होतं. नळीभोवतीची त्वचा स्वच्छ ठेवणं, रक्त वाहतंय का बघणं, गुठळी दिसली की लगेच काढणं. हे रोजचं काम सिस्टर आणि टेक्निशियन करू लागले. आणि घरी गेल्यावर ते पेशंटनं स्वतः करायचं होतं. शील्ड्स यांच्यासारखे पेशंट नुसते उपचार घेत नव्हते, ते टीमचा भाग झाले होते.

क्लाईड शील्ड्स त्यानंतर ११ वर्षं जगले. १९७१ मध्ये ते हृदयविकारानं गेले.

रस्ता मिळाला, पण आत कुणाला घ्यायचं?

आता खरा पेच सुरू झाला. शंटमुळे पेशंट मरत नव्हते. म्हणजे एकदा घेतलेला पेशंट आयुष्यभर मशीनवर राहणार, आणि त्याचा खर्च चालूच राहणार. विद्यापीठाच्या हॉस्पिटलनं मोजक्या पेशंटनंतर हात वर केले. खर्च कोण देणार हे ठरल्याशिवाय नवे पेशंट घ्यायचे नाहीत.

मग स्क्रिबनर आणि तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं वेगळी वाट काढली. जानेवारी १९६२ मध्ये स्वीडिश हॉस्पिटलच्या नर्सेसच्या वसतिगृहाच्या तळघरात सिएटल आर्टिफिशियल किडनी सेंटर सुरू झालं. बेड होते फक्त तीन. हॉस्पिटलच्या बाहेर चालणारं, कायमच्या पेशंटसाठीचं हे जगातलं पहिलं डायलिसिस सेंटर. आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या डायलिसिस सेंटरचा मूळपुरुष म्हणा ना.

तीन बेड आणि मरणाच्या दारात उभे असलेले कितीतरी लोक. निवडायचं कसं?

आधी डॉक्टरांची समिती वैद्यकीय चाळणी लावायची. ठरावीक वयाचेच पेशंट, लहान मुलं नाहीत. त्यातून जे उरतील त्यांची नावं सात जणांच्या दुसऱ्या समितीकडे जायची. त्यात एक वकील, एक पाद्री, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक सर्जन होता. त्यांची नावं गुप्त असायची. पेशंटचं लग्न झालंय का, मुलं किती, नोकरी काय, शिक्षण किती, मन खंबीर आहे का, असल्या गोष्टी बघून ते ठरवायचे की मशीन कुणाला मिळणार. म्हणजे जगणार कोण.

नोव्हेंबर १९६२ मध्ये 'लाईफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर या पत्रकार महिलेनं या समितीवर मोठा लेख लिहिला आणि अमेरिकेत खळबळ उडाली. माणसाच्या जगण्याची लायकी त्याच्या पगारावर आणि संसारावर ठरवायची? एकटा राहणारा, चारचौघांत न मिसळणारा, फटकळ माणूस असेल तर त्यानं मरायचं? वैद्यकीय नीतिशास्त्र हा विषय आज स्वतंत्रपणे शिकवला जातो. त्याच्या सुरुवातीची गोष्ट सांगताना सिएटलच्या या समितीचं नाव येतंच.

स्क्रिबनर या समितीवर नव्हते. पण हा प्रश्न आपल्या शोधानं जन्माला घातलाय याची त्यांना जाणीव होती. १९६४ मध्ये त्याच कृत्रिम अवयवांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून भाषण करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तांत्रिक प्रगतीऐवजी हाच विषय घेतला. पेशंट निवडायचे कसे, उपचार थांबवायचे कधी आणि पेशंटला सन्मानानं मरायचा हक्क आहे की नाही. इंजिनियर आणि डॉक्टरांनी भरलेल्या सभागृहात तेव्हा असं बोलणं नवीन होतं.

समितीनं नाकारलेली मुलगी

त्याच सुमारास १६ वर्षांच्या एका मुलीचं नाव पुढे आलं. तिची किडनी निकामी झाली होती. समितीचा नियम सरळ होता, ती वयात बसत नव्हती.

मुलीचे वडील ॲल्बर्ट बॅब यांच्या ओळखीचे. बॅब त्याच विद्यापीठात न्यूक्लियर इंजिनियरिंगचे प्राध्यापक. स्क्रिबनर आणि बॅब आधीपासून सोबत काम करत होते. सेंटरमध्ये जागा नाही ना, मग घरी चालेल असं मशीन बनवायचं ठरलं. बॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महिन्यांत ते बनवलंही. धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणा मशीनमध्येच बसवल्या, म्हणजे घरचा माणूस ते चालवू शकेल. १९६४ मध्ये त्या मुलीचं डायलिसिस घरी सुरू झालं. तिची आई ते करायची.

समितीच्या यादीत जिला जागा नव्हती, ती मुलगी आणखी चार वर्षं जगली. आणि होम डायलिसिस ही गोष्ट रुळायला लागली. टीममध्ये आता एक नवा सदस्य आला होता, घरचा माणूस.

पैशाचा प्रश्न सुटायला आणखी काही वर्षं लागली. ४ नोव्हेंबर १९७१ ला शेप ग्लेझर नावाच्या पेशंटनं अमेरिकी संसदेच्या समितीसमोर, सगळ्यांच्या देखत, डायलिसिस करून घेतलं. ३० ऑक्टोबर १९७२ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि १ जुलै १९७३ पासून किडनी कायमची निकामी झालेल्या जवळपास प्रत्येक अमेरिकी पेशंटचा खर्च सरकारी मेडिकेअर योजनेतून व्हायला लागला. जगणार कोण हे ठरवणाऱ्या समितीची गरज संपली.

स्वतःच्या शोधाला मागे टाकणारा शोध

आता गोष्टीतला सगळ्यात मोठ्या मनाचा भाग.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या, माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये जेम्स सिमिनो आणि मायकेल ब्रेसिया हे दोन डॉक्टर शंटच्या त्रासाला कंटाळले होते. सिमिनो यांना एक जुनी गोष्ट आठवली. शिकत असताना ते रक्त काढायचं काम करायचे. तेव्हा कोरियन युद्धात जखमी झालेले काही सैनिक त्यांनी पाहिले होते. जखमेमुळे त्यांची धमनी आणि शीर आतल्या आत जोडली गेली होती, आणि ती शीर चांगली फुगून मोठी झाली होती. मग नळी कशाला हवी? मुद्दाम ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडली तर?

त्यांचे सर्जन सहकारी केनेथ ॲपेल यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये ते ऑपरेशन केलं. धमनीच्या दाबानं शीर काही आठवड्यांत फुगली, तिची भिंत जाड झाली आणि तिच्यात थेट सुया टोचता यायला लागल्या. बाहेर नळी नाही, म्हणून जंतुसंसर्ग कमी, गोठणं कमी. १९६६ मध्ये ही पद्धत जगासमोर आली. हाच तो फिस्टुला, जो आज डायलिसिसवाल्यांच्या हातावर दिसतो.

सुरुवातीला या पद्धतीचं फारसं स्वागत झालं नाही. पण ज्याच्या नावाचा शंट जगभर वापरला जात होता, त्या माणसानं तिचं मोल लगेच ओळखलं. फिस्टुला करून घेण्यासाठी आपला पेशंट न्यूयॉर्कला पाठवणारे पहिले डॉक्टर होते बेल्डिंग स्क्रिबनर. पुढच्या काळात फिस्टुलानं शंटला जवळपास हद्दपार केलं.

आपलं नाव टिकावं यापेक्षा पेशंटचा रस्ता टिकावा हे त्यांना महत्त्वाचं वाटलं, असंच म्हणावं लागेल. शंटमधून त्यांनी पैसाही कमावला नाही.

त्यांच्या विभागातलं काम थांबलं नव्हतंच. १९७३ मध्ये तिथूनच ब्रोव्हियाक कॅथेटर आलं. ज्यांचं आतडं काम करत नाही त्यांना शिरेतून अन्न देण्यासाठी महिनोन् महिने राहू शकेल अशी सिलिकॉनची नळी. तिच्यात सिएटलच्याच रॉबर्ट हिकमन यांनी सुधारणा केली. आज कॅन्सरच्या पेशंटच्या छातीवर जी 'हिकमन लाईन' दिसते, तिचंही मूळ रक्तापर्यंत सुरक्षित पोहोचायच्या याच खटपटीत आहे.

म्हातारपणीही स्क्रिबनर गप्प बसले नाहीत. डायलिसिसचा व्यवसाय झाला, तसे पेशंटचे तास कमी होत गेले. ते शेवटपर्यंत सांगत राहिले की घाईघाईतलं डायलिसिस पुरेसं नाही. जास्त वेळ आणि जास्त वेळा करा, बीपी ताब्यात ठेवा.

२००२ मध्ये वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला. एक विलेम कोल्फ, ज्यांनी मशीन बनवलं. दुसरे स्क्रिबनर, ज्यांनी त्या मशीनपर्यंत रक्त पोहोचवलं. पुढच्याच वर्षी, १९ जून २००३ ला, ८२ वर्षांचे स्क्रिबनर आपल्या हाऊसबोटीजवळच्या पाण्यात बुडून गेले.

यातून आपण काय घ्यायचं?

स्क्रिबनर गेले त्याच वर्षी अमेरिकेत फिस्टुलाला प्राधान्य द्या सांगणारी मोठी मोहीम सुरू झाली होती. कारण मधल्या काळात सोपा पर्याय आला होता. मानेत किंवा छातीत कॅथेटर बसवायचं आणि लगेच डायलिसिस सुरू करायचं. कॅथेटर तातडीच्या वेळी जीव वाचवतं, पण ते महिनोन् महिने ठेवलं तर रक्तात जंतुसंसर्ग व्हायचा धोका फिस्टुलापेक्षा खूप जास्त. २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना त्याच्याही पुढे जातात. प्रत्येक पेशंटचं वय, आजार आणि पुढचं आयुष्य बघून त्याच्या ॲक्सेसचा आराखडा आधीच तयार करा, आणि तो सगळ्यांनी मिळून करा, असं त्या सांगतात.

आपल्याकडे पैशाचा प्रश्न पुष्कळ प्रमाणात हलका झालाय. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिस होतं. पण रस्त्याचा प्रश्न आहे तसाच आहे. किडनी कमजोर होतेय हे माहीत असूनही कित्येक जण अगदी शेवटी, दम लागल्यावर हॉस्पिटलमध्ये येतात आणि त्यांची सुरुवात मानेतल्या कॅथेटरनं होते. फिस्टुला केल्यावर तो पिकायला, म्हणजे सुया टोचण्यालायक व्हायला, किमान काही आठवडे आणि बऱ्याचदा दोन-तीन महिने लागतात. म्हणून तो आधी करावा लागतो. आणि त्याच्याही आधी हाताच्या शिरा वाचवाव्या लागतात. किडनीचा आजार असलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत उठसूट सलाईन लावलं, तर नंतर फिस्टुला करायला शीरच उरत नाही.

म्हणजे इथेही टीमच लागते. वेळेत सांगणारा डॉक्टर, वेळेत ऑपरेशन करणारा सर्जन, दर वेळी सुईची जागा बदलणारा टेक्निशियन, हात लावून थरथर बघणारी सिस्टर. आणि घरी पेशंट स्वतः. फिस्टुलाच्या हातावर बीपी मोजू द्यायचं नाही, त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ घालायचं नाही, तो हात डोक्याखाली घेऊन झोपायचं नाही. रोज सकाळी दोन बोटं ठेवून थरथर लागतेय का बघायचं. नाही लागली, किंवा हात लाल झाला, सुजला, तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं.

१९६० मध्ये सिएटलमध्ये एका डॉक्टरनं, एका इंजिनियरनं, एका सर्जननं आणि एका मशिनिस्ट पेशंटनं मिळून हा रस्ता पहिल्यांदा उघडला. तो उघडा ठेवायचं काम मात्र आजही रोज करावं लागतं. तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल, तर आज त्यांच्या हातावर बोटं ठेवून बघा. ती थरथर लागली, की समजा आजचा दिवस ठीक आहे.